व्हिटर्न ब्रोवरचा निळा

दुधाच्या बाटलीचं झाकण निळं होतं. बेरिल टपेन फ्रिजचं दार उघडं टाकून त्याच्याकडे बघत उभी राहिली. निळं झाकण म्हणजे साईसकटचं दूध. अर्धी साय काढलेल्याचं झाकण हिरवं असतं, आणि ती तर कित्येक वर्षं हिरवंच घेत आली होती. तिने उजवा डोळा तळहाताने झाकला. झाकण हिरवं झालं. अगदी हिरवंगार नाही, पण कुणी विचारलं असतं तर तिने बेधडक हिरवं म्हणून सांगितलं असतं. हात काढला. निळं. पुन्हा झाकला, पुन्हा काढला. मग ती एकटीच मोठ्याने हसली. म्हणजे गेले किती महिने ही बाई साईचं दूध पीत होती आणि स्कर्ट कमरेला का घट्ट होतोय म्हणून धुलाईच्या मशीनला दोष देत होती! काल दुपारी इस्पितळात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला पुरती वीस मिनिटंही लागली नव्हती. आज सकाळी उठल्यावर डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी काढायची, थेंब घालायचे, आठवडाभर वाकायचं नाही, चोळायचं नाही, वाऱ्याधुळीत जायचं नाही असं नर्सने दोनदा बजावलं होतं. तिने वाटी काढली, थेंब घातले, चहा ठेवला आणि दुधासाठी फ्रिज उघडला. एवढंच झालं होतं.

चहा तसाच राहिला. ती खोल्याखोल्यांतून फिरू लागली, एखाद्याचं घर विकत घ्यायला आल्यासारखी. न्हाणीघराच्या फरशा साईच्या रंगाच्या नव्हत्या, पांढऱ्या होत्या, झणझणीत पांढऱ्या, आणि सांध्यांत काळपट मळ होता. दाराला टांगलेलं लोकरीचं जाकीट, जे ती मातकट म्हणून फक्त बाजारहाटाला घालायची, ते मोरपंखी होतं. मोरपंखी! हे तिनेच निवडलं असणार, कधीतरी, डोळे धड असताना, आरशासमोर उभं राहून. खिडकीबाहेर ब्रायटनची छपरं आणि छपरांच्या फटीतून समुद्राची पट्टी, आणि त्या पट्टीत इतके निळे होते की तिला एकदम जुन्या दुकानातले खण आठवले. चौतीस वर्षं ती एका गल्लीतल्या दोऱ्याबटणांच्या दुकानात उभी होती. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा काउंटरवर ठेवला की ती मागे हात नेऊन रीळ काढायची, तुकड्यावर दोरा आडवा धरायची, आणि दोरा दिसेनासा व्हायचा. लग्नाच्या पोशाखाचा हस्तिदंती असो, शाळेच्या गणवेशाचा गडद निळा असो. गडद निळ्याच्याच नऊ छटा होत्या. मालक म्हणायचे, रंगांचा तक्ता हरवला तरी चालेल, टपेनबाई हरवता कामा नयेत. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट येते, बाकीच्या बेतास बात येतात. तिला रंग येत होते. आणि आता एका बाटलीच्या झाकणाने तिला विचारलं होतं, कधीपासून येत नाहीत?

हा प्रश्न तिने स्वतःशी नीट उच्चारलासुद्धा नव्हता, तोवर तिच्या हातांनी खुंटीवरची दुर्बीण काढली होती. मंगळवार होता. मेचा शेवटचा आठवडा, लख्ख ऊन, बेताचा वारा. मंगळवार म्हणजे मोजणीचा दिवस. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या चालीने जायचं आणि दोन्ही बाजूंना तीन-चार हातांत जे फुलपाखरू दिसेल ते मोजायचं. हे ती एकवीस वर्षं करत आली होती. या आठवड्याची मोजणी चुकेल असं तिने टेकडी सांभाळणाऱ्या समितीला कळवलंही होतं. नर्सचा आवाज कानात होता. तिने इस्पितळातून दिलेला मोठा काळा चष्मा कानांवर चढवला, मोरपंखी जाकीट घातलं आणि जिना उतरली.

सीफर्डच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी बसून तिने साऱ्या वाटभर एकच खेळ केला. चष्म्याआड एक डोळा मिटायचा, मग दुसरा. डाव्या डोळ्याचा समुद्र चहात बुडवल्यासारखा, उजव्या डोळ्याचा नुकता धुतलेला. डाव्या डोळ्याचे खडूचे कडे जुन्या दातांसारखे, उजव्याचे पांढरे. शेजारच्या बाईने पर्स मांडीवर ओढून घेतली. बेरिलला तिला सांगावंसं वाटलं, अहो, तुमचा स्कार्फ किती सुंदर जांभळा आहे, तुम्हाला माहीत आहे का? पण माहीत असणारच. सगळ्यांनाच माहीत होतं, तिलाच सोडून. आणि इथे, नदीवरचा पूल ओलांडताना, तो विचार आला. घरात तिने त्याला येऊ दिलं नव्हतं. डेस्मंड.

डेस्मंड एकहर्स्ट चाळीस वर्षं सीफर्डमध्ये टपाल वाटत होता, आणि त्यातली शेवटची काही व निवृत्तीनंतरची काही वर्षं, एकूण अकरा, तो मंगळवारी तिच्याबरोबर व्हिटर्न ब्रो नावाच्या टेकडीच्या उतारावर चालला होता. ती पुढे, वहीवाली. तो मागे, सँडविचवाला. तो वाट चुकायचा नाही, पण फुलांची नावं चुकायचा, आणि चुकला की स्वतःलाच टप्पल मारायचा. त्या उताराची शान म्हणजे अडोनिस फुलपाखरू. साधं निळं फुलपाखरू कुठेही दिसतं, शहरातल्या मैदानातही. अडोनिस मात्र असल्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या, मेंढरांनी दाढी केल्यासारख्या कातरलेल्या खडूच्या उतारावरच, एका ठरावीक पिवळ्या फुलाच्या आधाराने जगतं. त्याचा निळा तिने ओळीने अठरा वर्षं लिहिला होता. मग एका मेमध्ये तिला तो दिसेना. साधी निळी होती, राखाडी जांभळट. डेस्मंडने बोट दाखवलं होतं. “बेरिल, ते बघ! अडोनिस!” तिने बघितलं होतं. “साधं निळं आहे.” “अगं नीट बघ तरी. दिवा लावल्यासारखं आहे ते.” “चौतीस वर्षं मी निळे रंग वेगळे करत आले, डेस्मंड. तू पाकिटं टाकत होतास.” हे तिने म्हटलं होतं. तिला आजही ते वाक्य जसंच्या तसं ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडं समाधानही असायचं.  तिने वहीत अडोनिसपुढे शून्य लिहिलं. पुढच्या मंगळवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रुसला असेल, तिने ठरवलं, रुसू दे. तीन वर्षं ती एकटी चालली आणि तीन वर्षं शून्य लिहिलं. त्या शून्यांवर भरवसा ठेवून टेकडीच्या समितीने ठरवत आणलं होतं की मेंढपाळ गोरिंजबाईंची मेंढरं यंदाच्या हिवाळ्यात व्हिटर्न ब्रोवर आणायची नाहीत. फुलपाखरू गेलंच आहे, तर चराईचा खटाटोप कशाला. मेंढरं नाहीत म्हणजे गवत कमरेइतकं, मग काटेरी झुडपं, आणि चार-पाच वर्षांत ते पिवळं फूलही नाही. शेवटचा निर्णय पुढच्या बुधवारी व्हायचा होता.

टेकडीच्या फाटकापाशी ती थांबली. चढ अजून सुरूही झाला नव्हता. तिला काय हवं होतं? शून्य खरं निघालं तर ती बरोबर होती, आणि उतार मेलेला. खोटं निघालं तर उतार जिवंत, आणि ती... वाक्य पुरं न करताच तिने फाटक ढकललं. पहिल्या पन्नास पावलांत तिची तारांबळ उडाली. मोजायला आली होती आणि मोजणं विसरली. गवत हिरवं नव्हतंच मुळी, त्यात तांबूस, करडे, चांदीचे दोरे होते. खुरट्या मिल्कवर्टची फुलं, जी ती काही वर्षं सवयीने, जागा पाहून ओळखत होती, ती आता जमिनीतून ओरडत होती, निळी, इतकी निळी की तिच्या तोंडून “अरे, अरे” असं निघालं, लहान मुलाला पडताना पाहून निघावं तसं. डोक्यावर चंडोल गात होता. त्याच्याकडे मान वर करून बघायला गेली तर आभाळाने तिला जवळजवळ खाली बसवलं. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या शेंगांची ती पिवळी फुलं उतारभर सांडली होती. तिला वाटलं होतं, तीही कमी झालीत. तिने तसं लिहिलंही होतं, शेऱ्याच्या रकान्यात, घट्ट अक्षरात.

मग ते उडालं. तिच्या बुटापासून दोन हातांवर, जमिनीलगत, एक तुकडा. तिला आधी रंग दिसला आणि मग फुलपाखरू. तो आकाशाचा निळा नव्हता, आकाश त्याच्यामागे फिकं पडलं. ते पिवळ्या फुलावर टेकलं आणि पंख उघडून बसलं. खात्रीची खूण कडेला असते. अडोनिसच्या पांढऱ्या किनारीवर बारीक काळ्या रेघा असतात, साध्या निळ्याची किनार कोरी. रेघा बघायच्या तर खाली वाकायला हवं, आणि वाकायचं नव्हतं. बेरिल उताराच्या खालच्या अंगाला सरकली आणि पाठ ताठ ठेवून सरळ गवतात बसली. चढ असा उभा होता की बसल्यावर ते फूल तिच्या नाकासमोर आलं. काळ्या रेघा होत्या. एखाद्या निष्णात शिंपिणीने मोजून मारलेल्या टाक्यांसारख्या, प्रत्येक शिरेच्या टोकाला एक. तिने उजवा डोळा मिटला. रेघा विरघळल्या. निळा विझला. समोर एक राखाडी जांभळट साधं निळं फुलपाखरू बसलं होतं आणि ते साधं निळंच आहे हे ती शपथेवर सांगू शकली असती. तिने सांगितलंही होतं. उजवा डोळा उघडला. दिवा लावल्यासारखं. त्याचे शब्द अगदी बरोबर होते.

आपल्याला लाज वाटेल अशी तिची अपेक्षा होती. लाज आली, पण मागाहून, गर्दीत मागे राहिलेल्या माणसासारखी. आधी आला तो आनंद, आणि तो इतका बेशिस्त होता की तिने गवतावर दोन्ही हात आपटले. आहेत! मी चुकले! चुकले, चुकले, तीन वर्षं ओळीने चुकले! ती उठली आणि ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या चालीने निघाली, कारण पाय ते विसरले नव्हते. दुसरं. तिसरं, साध्या निळ्याशी भांडणारं. दगडी बांधापाशी पाच. वळणावर तिने थांबून पुन्हा मोजलं, कारण डोळे भरून आले होते आणि नव्या डोळ्याला पाणी आलेलं चालतं की नाही हे नर्सने सांगितलं नव्हतं. वाट संपली तेव्हा आकडा सतरा होता. आणि टेकडीच्या माथ्यावर, जिथून समुद्र एकदम पुढ्यात येतो, तिथे लाजेने तिला गाठलं. सतरा, आज एका दिवसात. मग गेल्या वर्षी किती? त्याच्या आधी? तिने त्यांना एकेक करून पुसलं होतं, पेन्सिलीने, प्रामाणिकपणे. आणि डेस्मंडला काय केलं होतं?

तो कुठे असतो हे तिला ठाऊक होतं. सीफर्डमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. गावाच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे गोट्यांचा किनारा संपून कडा सुरू होतो, तिथे कड्याच्या कपारींत किटीवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात, आणि त्यांच्यासमोर कठड्याशी घडीच्या स्टुलावर डेस्मंड दुर्बीण रोवून बसतो. ती उतारावरून खाली निघाली, जवळजवळ धावत, काय बोलायचं ते जुळवत. गोट्यांतून उगवलेल्या समुद्री कोबीच्या पांढऱ्या फुलांचे ढीग ओलांडताना तिने तीन वाक्यं तयार केली. किनाऱ्यावर पक्ष्यांचा इतका कालवा होता की तिन्ही विसरली.

डेस्मंडने मान वळवली. तीन वर्षांत तो बारीक झाला होता. त्याने तिच्या चष्म्याकडे बघितलं.

“काय गं, वेल्डिंगचं काम धरलंस की काय?”

“मोतीबिंदू काढला. काल.”

“काल? आणि आज वाऱ्यात हिंडतेस? अक्कलपण काढून घेतली का त्यांनी?”

“डेस्मंड, मी व्हिटर्न ब्रोवरून येतेय.”

त्याचा डोळा लगेच दुर्बिणीकडे गेला. “त्या वरच्या कपारीत आज अंडं दिसलंय,” तो म्हणाला. “तिसऱ्या रांगेत. बघतेस?”

“अडोनिस आहे तिथे. सतरा. तू बरोबर होतास.”

कड्यावरून एक पक्षी सुटला, शाईत बुडवल्यासारखी पंखांची टोकं, आणि ओरडत त्यांच्या डोक्यांवरून गेला. डेस्मंडने तो दिसेनासा होईपर्यंत त्याला नजरेने सोडलं नाही.

“नाही,” तो म्हणाला. “मी बरोबर असतो, तर मला कळलं असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे असं बघ. तू म्हणालीस साधं निळं. मी घरी गेलो. म्हटलं, एका बाजूला हयात रंगांत घालवलेली बाई, दुसऱ्या बाजूला तीस नंबरचं पाकीट तेहेतीसमध्ये टाकणारा मी. खरं कुणाचं असणार? तुला माझी आई आठवते? शेवटी तिला अंगणात घोडे दिसायचे. इतके स्पष्ट दिसायचे, की त्यांना साखर द्यायला म्हणून दार उघडायची. मला म्हणायची, डेस, बघ ना, केवढे सुंदर आहेत.” त्याने नाक पुसलं. “मलाही ते केवढं सुंदर दिसलं होतं, बेरिल. म्हटलं, झालं. सुरू झालं आपलंही.”

 बेरिलने त्याला रुसलेला समजलं होतं. तिने या माणसाच्या हातात एक भीती ठेवली होती, तो ती घेऊन निमूट घरी गेला होता, आणि ती दर मंगळवारी ऐटीत शून्य लिहीत होती.

“डॉक्टरकडे गेला नाहीस?”

“कशाला? पक्कं व्हायला?” तो हसला. “म्हणून पक्षी. हे बेस आहेत. ऐक. स्वतःचं नाव स्वतःच ओरडतात. किटी-वेऽक, किटी-वेऽक. इथे चुकायला जागाच नाही. शिवाय शेजारी चार माणसं असतात, त्यांनाही तेच ऐकू येतं, मी चेहरे बघून घेतो.”

तिला माफी मागायची होती. तिने तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

“ऊठ.”

“माझे गुडघे गेलेत.”

“माझा एक डोळा अजून गेलेलाच आहे. ऊठ, स्टूल घे.”

“बेरिल, मला नाही—” त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तो खरोखर घाबरलेला होता. “वर जाऊन मला नाही दिसलं तर?”

“मग मी सांगेन.”

“आणि दिसलं तर? मला कसं कळायचं, की तू सांगतेस म्हणून दिसतंय की नाही?”

 ती त्याच्या दुर्बिणीच्या तिवईची घडी घालू लागली आणि तिचं बोट त्यात चिमटलं. ती ओरडली, डेस्मंडने सवयीने उठून तिवई तिच्या हातून काढून घेतली आणि स्टूल काखेत मारलं.

बुधवारी बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या तीन वर्षांच्या मोजण्या रद्द करा, मला निळा दिसत नव्हता. खोलीत कुणाला तिच्याकडे बघवेना. अध्यक्षांनी विचारलं, त्याआधीच्या अठरा वर्षांचं काय, तेव्हा ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. मग गोरिंजबाई आपल्या जागेवरून म्हणाल्या, अहो, आधी कुणीतरी जाऊन बघून या, आणि माझ्या मेंढरांना ऑक्टोबरात कुठे न्यायचं ते मला सांगा. चौघे जाऊन बघून आले. मेंढरं व्हिटर्न ब्रोवरच आली. पण तो बुधवार अजून आठ दिवसांवर होता, आणि त्या मंगळवारी दुपारी दोन म्हातारी माणसं दर वीस पावलांना थांबत, एकमेकांच्या धापांवर टोमणे मारत, टेकडी चढत होती. वाटेत तिला सुचलं ते असं की आपण तोंड बंद ठेवावं. एवढंच.

दगडी बांधापाशी तिने स्टूल टेकवलं, त्याला बसवलं, वही काढली आणि त्याच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

“हे काय?”

“मी बघत नाही. मी काही सांगणार नाही. तू सांगायचं, मी लिहायचं.”

“आणि मी घोडे सांगितले तर?”

“घोडे लिहीन.”

 गवतातून वारा गेला. खाली समुद्राच्या कडेला खडूने पाणी दुधट झालं होतं आणि त्यापलीकडे निळा सुरू होत होता, तिने त्याच्या छटा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मान वळवायची इच्छा मानेतच दुखायला लागली. तो रडत असेल का? त्याला काहीच दिसत नसेल का? तिने वही छातीशी धरली.

“साधं निळं,” डेस्मंड म्हणाला. त्याचा आवाज टपालाची नोंद वाचावी तसा होता. “एक. किनार कोरी आहे.”

तिने लिहिलं.

“साधं निळं, आणखी एक. आणि एक तपकिरी, मादी असणार, कुठली ते नाही सांगता येत. नाही सांगत.”

“बरं.”

“आणि हे...” स्टूल करकरलं. तो पुढे झुकला असावा. “वळू नकोस हं. हे साधं नाही. थांब, पंख मिटले. उघड बाबा, उघड. हां. किनारीवर रेघा आहेत, काळ्या. एक, दोन, तीन... बेरिल, रेघा मोजता येतायत मला! अडोनिस आहे हे! आणि त्याच्या खाली दुसरं! अगं, तिकडे बांधावर, ते बघ, नाही, बघू नकोस, तीन, चार, लिहितेस की नाही?”

बेरिलने वहीचं पान उलटलं होतं. नव्या पानाच्या माथ्यावर, मोजणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती, आणि तिथे तिने पेन्सिल टेकवली होती.

“जरा दम धर,” ती समुद्राकडे बघत म्हणाली. “आधी तुझं नाव लिहू दे.”